समाधानाच्या फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

सिडनीहून रेल्वेने दोन तास गेलं की ब्लू माउंटन्सच्या डोंगरात ल्युरा नावाचं टुमदार गाव लागतं. तिथल्या एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत १९९१ मध्ये हॉटेल मॅनेजमेंटची शाळा सुरू झाली. पुढं अनेक वर्षं ती एका खास पद्धतीसाठी ओळखली गेली. मुलं तिथंच राहायची आणि अख्खी शाळा हॉटेलसारखी चालायची. आज तुम्ही पाहुणे म्हणून टेबलावर बसून जेवायचं. पाळी बदलली की तुमच्या अंगावर वेस्टकोट, हातात तीन प्लेटा आणि टेबलावर तुमचेच वर्गमित्र. कुणी रिसेप्शनवर, कुणी हाउसकीपिंगच्या ट्रॉलीमागे, कुणी भल्या सकाळी किचनमध्ये नाश्त्याची तयारी करतोय. सूप सांडलंच तर ज्याच्या बाहीवर सांडलं तो आपला मित्र, आणि चूक दाखवणारा कॅप्टन म्हणजे आपलेच सर. चुकायला जागा होती, आणि चुकल्यावर पुन्हा करून बघायलाही.

मग सहा महिने बाहेर काम करायची वेळ यायची. तिथं हॉटेल खरं, पाहुणे खरे आणि पगारही खरा. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक हॉटेल शिक्षणाची रचना अशीच आहे, मग ती विद्यापीठाची पदवी असो की डिप्लोमा. काही भाग वर्गात, काही कॉलेजच्या ट्रेनिंग किचनमध्ये आणि उरलेला बाहेर, उद्योगात. या उरलेल्या भागाबद्दल मला लिहायचं आहे. भारतातून, नेपाळमधून, व्हिएतनाममधून किंवा चीनमधून आलेल्या विद्यार्थ्याला आपलं शिक्षण पैसे वसूल वाटलं की फसल्यासारखं वाटलं, याचं उत्तर बहुतेक वेळा याच भागात ठरतं. विद्यापीठाचं लक्षही नेमकं याच भागावर सर्वांत कमी असतं.

विद्यार्थी समाधानी आहेत का, हे मोजायला विद्यापीठं हल्ली फार उत्सुक असतात. ब्रिटनमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची राष्ट्रीय पाहणी २००५ पासून होते. ऑस्ट्रेलियात सरकारी पैशातून ‘क्विल्ट’ या नावाखाली पाहण्यांची मालिकाच चालते. एक पाहणी शिकत असलेल्यांना त्यांचा अनुभव विचारते. दुसरी पदवीनंतर चार-सहा महिन्यांनी नोकरी आणि पगार विचारते, तिसरी तीन वर्षांनी पुन्हा तेच विचारते, आणि चौथी त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या साहेबांना विचारते. निकाल जाहीर होतात, कुणालाही पाहता येतात. ही उघड पद्धत मला मनापासून आवडते. आपल्याकडच्या किती विद्यापीठांबद्दल अशी माहिती पालकांना एका जागी मिळते?

पण हॉटेलच्या विद्यार्थ्याला या आकड्यांत स्वतःला शोधायचं तर पंचाईत होते. क्विल्टमध्ये सगळ्या विद्याशाखा २१ गटांत वाटलेल्या आहेत. पर्यटन आणि हॉस्पिटॅलिटी यांचा गट वैयक्तिक सेवा, क्रीडा आणि मनोरंजन यांच्यासोबत एकच आहे. म्हणजे मेलबर्नमध्ये हॉटेल व्यवस्थापन शिकणारी नाशिकची मुलगी आणि क्रीडा व्यवस्थापन शिकणारा तिथलाच मुलगा एकाच रकान्यात. तिचा नाराजीचा आकडा त्याच्या खुशीत मिसळून जातो.

मोजमापाची मूळ पट्टी कुठून आली, हे इथं सांगायला हवं. ए. परशुरामन, व्हॅलेरी झाइथामल आणि लेनर्ड बेरी या तिघा अभ्यासकांनी १९८५ मध्ये सेवेच्या दर्जाची एक मांडणी केली. १९८८ मध्ये त्यांनी तिची २२ विधानांची प्रश्नावली बनवली आणि तिचं नाव ‘सर्व्हक्वाल’ ठेवलं. यांतले परशुरामन हे भारतातून अमेरिकेत गेलेले प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की ग्राहकाच्या मनात आधी एक अपेक्षा असते, प्रत्यक्षात त्याला काहीतरी मिळतं, आणि या दोहोंत जे अंतर पडतं त्यावर सेवेचा दर्जा ठरतो. जागा नि साधनं कशी आहेत, शब्द पाळला जातो का, मदत चटकन मिळते का, समोरच्यावर विश्वास बसतो का आणि तो आपली काळजी घेतो का, अशी पाच अंगं त्यांनी धरली. बँका आणि दुरुस्तीच्या सेवांसारख्या व्यवसायांतून निघालेली ही पट्टी हॉटेलांनी उचलली, मग विद्यापीठांनीही. जगभरातल्या हॉटेल शिक्षणात ती शिकवली जाते. तिच्याच चालीवर बेतलेले फॉर्म मग ही मुलं स्वतःच्या विद्यापीठाबद्दल भरतात. ग्रंथालय कसं आहे, शिक्षक तयारी करून येतात का, शंकेला उत्तर मिळतं का.

यांतला एकही प्रश्न चुकीचा नाही, आणि त्यांची उत्तरं बऱ्याचदा चांगलीही येतात. ऑस्ट्रेलियात शिकून आलेल्या ज्या मुलामुलींशी मी बोलले, त्यांच्यापैकी एकानेही आपल्या शिक्षकांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. उलट, इथल्या सवयीने आधी बिचकलेल्या मुलांना तिथं प्राध्यापकाला नावाने हाक मारता येते, ‘मला हे पटत नाही’ असं तोंडावर म्हणता येतं, याचं अप्रूप होतं. रेव्हेन्यू मॅनेजमेंटच्या तासाला एकच खोली एकाच रात्री वेगवेगळ्या दराने का विकायची, याचं गणित कळल्यावर डोकं उघडलं, असं एकाने सांगितलं. प्रॅक्टिकलमध्ये मांसाच्या पदार्थांवरून शाकाहारी घरातल्या मुलांची कुचंबणा होते. सरांना मोकळेपणाने सांगितलं तर चव घेण्यापुरती वाट बहुधा निघते. मांस कापण्या-शिजवण्यातून मात्र सुटका नसते. ही मुलं पहिल्या आठवड्यात घरी फोन करून रडतात आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत सरावतात. सांगण्याची गोष्ट ही, की वर्गाबद्दल तक्रार फारशी नव्हती. बोलणं कामाकडे वळलं की मात्र आवाज बदलायचा.

नाशिकच्या ज्या मुलीचा उल्लेख वर आला, तिने मेलबर्नच्या एका विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतली. पहिल्या सत्रात तिला एका रेस्टॉरंटने ‘ट्रायल शिफ्ट’साठी बोलावलं. वेळ शुक्रवारी संध्याकाळची. ती काळी पँट, काळा शर्ट आणि नवे बूट घालून गेली. तिला वाटलं होतं टेबल लावायला सांगतील, ऑर्डर कशी घेते ते बघतील. तिला बारच्या मागं काचेचे ग्लास धुण्याच्या मशिनपाशी उभं केलं. मशिनमधून रॅक बाहेर आला की वाफ तोंडावर येते, ग्लास हाताला चटका देतात, आणि डाग राहू नये म्हणून ते गरम असतानाच पुसावे लागतात. पाच तास तिने ग्लास पुसले. मध्ये दोनदा तिला प्लेटा घेऊन बाहेर पाठवलं, तेही कुठलं टेबल ते न सांगता. रात्री अकराला मालकाने ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि एक पिझ्झा हातात दिला. पैसे नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्याच मशिनपाशी दुसरं कुणी उभं असल्याचं तिला वर्गातल्याच एका कोलंबियन मुलाकडून कळलं, कारण ते दुसरं कुणी म्हणजे तोच होता.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात कौशल्य पाहण्यापुरती थोडा वेळ बिनपगारी चाचणी चालते. पाच तासांची अख्खी शिफ्ट त्यात बसत नाही. मुलीला हे माहीत नव्हतं. तिच्या विद्यापीठात ओरिएंटेशनच्या आठवड्यात कांगारूंपासून समुद्रात पोहण्याच्या सुरक्षिततेपर्यंत सगळं सांगितलं होतं, हे मात्र तिच्या लक्षात होतं.

असे अनुभव सुटे-सुटे ऐकले की वाटतं, एखाद्याचं नशीब. पण सिडनीतल्या दोन विद्यापीठांतल्या लॉरी बर्ग आणि बसिना फार्बेनब्लम यांनी २०१७ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १०७ देशांतून आलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या ४,३२२ जणांची उत्तरं होती. त्यांतल्या सुमारे ३० टक्के लोकांना ताशी १२ डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते. कॅज्युअल कामगाराला कायद्याने मिळायला हवेत त्याच्या हे साधारण निम्मे. खाद्यपदार्थांचा व्यवसाय या अहवालात वारंवार येतो. आणि गोष्ट गल्लीतल्या छोट्या उपाहारगृहांपुरती नाही. टीव्हीवर झळकणाऱ्या एका नामवंत शेफच्या रेस्टॉरंट समूहाने आपल्या ५१५ आजी-माजी कर्मचाऱ्यांना ७८ लाख डॉलर कमी दिले होते, हे २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारी यंत्रणेसमोर त्याला लेखी कबुली द्यावी लागली.

पगाराची चिठ्ठी जरा जवळून बघू. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ ला किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. कॅज्युअल कामगाराला भरपगारी रजा नसते, म्हणून त्याला वर २५ टक्के जास्त मिळतात. शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दर आणखी चढतो. शिवाय १२ टक्के ‘सुपर’, म्हणजे आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखी रक्कम, मालकाने वेगळी भरायची. हे सगळं पे-स्लिपवर ओळीने दिसलं पाहिजे. आता ‘फ्लॅट रेट’ या दोन शब्दांनी काय होतं पाहा. मालक सांगतो, सगळे दिवस सरसकट अठरा डॉलर, रोख. मुलगा मनातल्या मनात पंचावन्नने गुणतो, तासाला हजाराच्या घरात रुपये होतात, आणि तो खूश होतो. रविवारच्या सहा तासांत आपले शंभराच्या वर डॉलर गेले, हे त्याला कळत नाही, कारण पे-स्लिपच नाही. रोख घेतल्याने पुढं अनुभवाचा पुरावाही राहत नाही.

व्हिसाची भीती त्यात भर घालते. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. २०२३ च्या जुलैपर्यंत मुळात ही मर्यादा ४० तासांची होती, कोविडनंतर माणसं मिळेनात म्हणून ती काही काळ उठवलीही होती. तेव्हा कितीतरी मुलांनी आठवड्याला पन्नास-पन्नास तास काम केलं आणि अभ्यास मागं पडला. आता मर्यादा पुन्हा आली आहे. एखाद्याने दोन तास जास्त काम केलं की मालकाच्या हातात त्याचं गुपित येतं. पगार मागितला तर व्हिसा खात्याला कळवीन, एवढं म्हटलं की मुलगा गप्प. हे थांबवण्यासाठी १ जुलै २०२४ पासून कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिसाचा धाक दाखवून कुणाला राबवणं हा आता गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार बुडवणंही फौजदारी गुन्ह्यात मोडतं. पाऊल चांगलं आहे, उशिरा पडलं. पण ते पडलंय हे नागपूरहून निघालेल्या मुलाला विमानात बसण्याआधी कुणी सांगायला हवं.

या प्रश्नाची मुळं थोडी मागं आहेत. दोन हजारच्या दशकात ऑस्ट्रेलियाने टंचाईच्या व्यवसायांची यादी केली आणि त्यांत शिकलेल्यांना कायमच्या वास्तव्यासाठी झुकतं माप दिलं. यादीत स्वयंपाकी होते आणि केशकर्तनकारही. मेलबर्न-सिडनीत कुकरीच्या खासगी शाळा भराभर उघडल्या. पंजाब, हरियाणा, आंध्र आणि काही प्रमाणात महाराष्ट्रातूनही मुलं गेली. अनेकांना स्वयंपाकात काडीचाही रस नव्हता, पण ‘पीआर’, म्हणजे कायमचं वास्तव्य, हवं होतं. ती दोन अक्षरं त्या काळात आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही पोचली होती. कायमच्या वास्तव्यासाठी ९०० तास कामाचा अनुभव दाखवावा लागे. हजारो मुलं, आणि ९०० तास देणारी किचन मोजकी. मग बिनपगारी राबणं आलं, अनुभवाचं पत्र मिळावं म्हणून उलट मालकालाच पैसे देणं आलं, आणि खोटी पत्रं विकणारे दलालही आले. त्यांतल्या काहींवर पुढं खटले चालले.

२००९ मध्ये दोन गोष्टी एकदम फुटल्या. भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि ३१ मेला मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोर हजारो विद्यार्थी रस्त्यावर बसले. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा वर्णद्वेषाची चर्चा खूप झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र यांतले बरेच हल्ले रात्री उशिरा, दूरच्या उपनगरांत, स्टेशनाच्या आसपास झाले. रेस्टॉरंट बंद करून, भांडी आवरून, शेवटच्या गाडीने स्वस्त भाड्याच्या खोलीकडे परतणारी ही मुलं होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या वेळा काय आहेत हे त्यांच्या शाळांना ठाऊक होतं का, हा प्रश्न त्या गदारोळात मागं पडला. त्याच वर्षी काही खासगी शाळांना टाळं लागलं आणि मुलं फी भरून रस्त्यावर आली. ८ फेब्रुवारी २०१० ला सरकारने टंचाईच्या व्यवसायांची ती यादीच रद्द केली. ज्यांनी घर गहाण टाकून कोर्स निम्मा केला होता, त्यांच्यासाठी शिक्षणाचं कारणच एका दिवसात नाहीसं झालं. २०१२ मध्ये फी संरक्षणाची योजना आली. आता शाळा बंद पडली तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा न वापरलेल्या फीचा परतावा मिळतो.

विद्यापीठं म्हणतात, तो इतिहास कुकरी शाळांचा, आमचा नाही. ते खरं आहे. ब्रिस्बेन-गोल्ड कोस्टचं ग्रिफिथ विद्यापीठ हॉस्पिटॅलिटीच्या संशोधनात जगात नाव राखून आहे, तिथं खोट्या पत्रांचा बाजार नाही. पण विद्यापीठाचा विद्यार्थीही संध्याकाळी त्याच रेस्टॉरंटमध्ये कामाला जातो. ऑस्ट्रेलियातले संशोधक स्कॉट रिचर्डसन यांनी २००८ ते २०१० या काळात पर्यटन आणि हॉस्पिटॅलिटी शिकणाऱ्या मुलांना विचारलं, या क्षेत्रात राहणार का? एका अभ्यासात त्यांनी स्थानिक आणि परदेशी विद्यार्थी यांची तुलनाही केली. हाती आलेलं उत्तर कुठल्याही विभागप्रमुखाची झोप उडवेल असं होतं. शिकता शिकता ज्यांनी या क्षेत्रात काम केलं होतं, त्यांच्यातल्या खूप जणांनी पदवीनंतर त्यात यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यामागचं मुख्य कारण होतं त्यांचा कामाचा अनुभव. बाहेरून आलेल्या मुलाचं तर लाखोंचं कर्ज असतं. विद्यापीठात हॉस्पिटॅलिटीच्या पदवीला वर्षाला तीस हजार डॉलरच्या आसपास किंवा वरच फी पडते. एवढं भरून शिकलेला विषयच नकोसा होणं हा केवढा तोटा आहे!

इथं कायद्यातली एक फट फार महत्त्वाची ठरते. विद्यार्थ्याने आपलं आपण शोधलेलं काम म्हणजे नोकरी, त्याला पगार द्यावाच लागतो. पण अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून केलेलं काम ‘व्होकेशनल प्लेसमेंट’ ठरतं, आणि ते कायद्याने बिनपगारी असू शकतं. हे तास व्हिसाच्या ४८ तासांतही धरले जात नाहीत. म्हणजे एकाच बँक्वेटमध्ये, एकाच रात्री, एकसारख्या प्लेटा उचलणाऱ्या दोघांपैकी एकाला पगार आणि दुसऱ्याला क्रेडिट. काही विद्यापीठं आणि शाळा पगारी जागाच देतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. काही ‘इंडस्ट्री पार्टनर’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलिया सरकार शिक्षक, परिचारिका आणि समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्रॅक्टिकलसाठी पैसे देऊ लागलं. हॉटेलची मुलं त्या यादीत नाहीत, परदेशी विद्यार्थी तर नाहीतच.

याहून वेगळं करता येतं का? येतं, आणि जगातल्या जुन्या शाळांनी ते केलंय. स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहराच्या काठावर, ऊशीच्या एका हॉटेलात, झाक चुमी नावाच्या हॉटेलवाल्याने १८९३ मध्ये जगातली पहिली हॉटेल शाळा सुरू केली. १९७५ मध्ये ती शहरावरच्या टेकडीवर शाले-आ-गोबे इथं गेली. आजही पदवीला आलेल्या मुलाचं सुरुवातीचं वर्ष हातांनी काम करण्यात जातं. घरी कितीही नोकर असोत, पोराला भाजी चिरावी लागते, भांडी घासावी लागतात, जेवण वाढावं लागतं. मुलांना सोबत घेऊन चालणाऱ्या तिथल्या रेस्टॉरंटला २०१९ मध्ये मिशेलिनचा एक तारा मिळाला. आणि इंटर्नशिपला गेलं की इंटर्नचं किमान वेतन देशभरच्या हॉटेल-रेस्टॉरंटच्या सामूहिक करारातच ठरलेलं असतं. मुलाला घासाघीस करावी लागत नाही. स्वित्झर्लंडचं दुखणं वेगळं. फी डोळे पांढरे करणारी, आणि युरोपबाहेरच्या मुलाला पदवीनंतर तिथं नोकरी मिळणं कोट्यामुळे फार अवघड. पण शिकण्याचा जो भाग बाहेर घडतो, त्याची जबाबदारी तिथं कुणाची तरी आहे.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने त्याहून पुढची मजल मारली. त्यांनी स्वतःचं हॉटेल बांधलं. चिम शा चुई ईस्टमधलं ‘हॉटेल आयकॉन’ २०११ मध्ये सुरू झालं, खोल्या २६२. ते खोटं-खोटं हॉटेल नाही. प्रवासी पैसे मोजून राहतात, नफा-तोटा होतो, आणि त्याच इमारतीत विद्यापीठाचे वर्ग भरतात. सकाळच्या तासाला जो प्राध्यापक शिकवतो, त्याच्याच संस्थेच्या फ्रंट ऑफिसवर दुपारी मुलगा उभा राहतो. तिथं त्याला कुणी पिळलं तर विद्यापीठाला ‘तो उद्योगाचा प्रश्न आहे’ असं म्हणता येत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यांच्याही आवारात स्टॅटलर हे चालतं हॉटेल आहे. सगळ्यांना हॉटेल बांधणं परवडणार नाही, हे मान्य. पण मुलाला जिथं पाठवतो त्या हॉटेलशी लेखी करार करणं, सहा महिन्यांत दोनदा जाऊन त्याला भेटणं आणि पे-स्लिप तपासणं, याला इमारत लागत नाही.

आपल्याकडे याची परंपरा परकी नाही. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मुंबईत केटरिंग कॉलेज सुरू झालं. दादरचं ते कॉलेज म्हणजे देशातली पहिली हॉटेल मॅनेजमेंट संस्था. तिथून, पुण्याच्या राज्य सरकारी संस्थेतून किंवा गोव्यात पर्वरीच्या संस्थेतून निघालेल्या मुलांनी ‘आयटी’ केलेली असते. इथं आयटी म्हणजे संगणक नव्हे, इंडस्ट्रियल ट्रेनिंग. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात बॅक एरियात उभं राहून, ब्रेक शिफ्ट करून, रात्रीची बँक्वेट आवरून पुन्हा सकाळी सहाला हजर राहिलेली ही मुलं कष्टाला घाबरत नाहीत. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी मला सांगितलं की, परदेशात मास्टर्सला गेलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांची नाराजी कामाच्या भारावर नसतेच. ती असते जिथल्या तिथं राहण्यावर. इथं कॉमी शेफची, म्हणजे कनिष्ठ शेफची, पायरी ओलांडून गेलेला मुलगा तिथं पुन्हा किचन हँड होतो. इथला अनुभव ‘लोकल’ नाही म्हणून कुणी धरत नाही, आणि मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या मॅनेजमेंट ट्रेनीच्या जाहिरातीत कायमचा कामाचा हक्क असलेलेच उमेदवार हवेत, अशी अट असते. ऑस्ट्रेलियात पदवीनंतर दोन-तीन वर्षं राहता येतं, पण त्या अटीपुढं तेवढा व्हिसा तोकडा पडतो. ब्रोशरवर मात्र सूट घातलेली मुलगी लॉबीत हसत उभी असते.

अपेक्षा तिथंच तयार होते. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, पणजीत भरणाऱ्या शैक्षणिक मेळाव्यांत बसलेले सल्लागार पालकांकडून बहुधा पैसे घेत नाहीत. त्यांना विद्यापीठाकडून मुलाच्या फीतला हिस्सा कमिशन म्हणून मिळतो. यात बेकायदा काही नाही, पण पालकांना हे कळायला हवं. मराठी घरांत हॉटेलच्या शिक्षणाकडे अजून जरा तिरकं बघितलं जातं. ‘भांडी घासायला का पाठवायचं?’ हा प्रश्न आजोबा विचारतातच. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘परदेशातली मॅनेजमेंटची डिग्री’ फार सोयीची पडते. मग भांडी घासण्याबद्दल बोलायचंच राहून जातं. माझं मत स्पष्ट आहे. भांडी घासणं हा या शिक्षणाचा मानाचा भाग आहे, लोझानमध्ये श्रीमंतांची मुलं तेच करतात. फरक एवढाच, की तिथं ते शिकवलं जातं आणि शिक्षक बाजूला उभा असतो.

ज्यांच्या घरी यंदा हा निर्णय व्हायचा आहे, त्यांनी मेळाव्यात टेबलापलीकडच्या माणसाला काही नेमके प्रश्न विचारावेत. इंटर्नशिप सक्तीची आहे का, आणि सक्तीची असेल तर पगारी आहे का? जागा विद्यापीठ देतं की मुलाने शोधायची? न मिळाल्यास पदवी अडते का? गेल्या वर्षी भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना जागा मिळाली आणि कुठल्या हॉटेलांत? हॉटेलशी झालेल्या करारावर विद्यापीठातलं कोण सही करतं आणि तक्रार आली तर कुणाला फोन करायचा? उत्तर तोंडी नको, ई-मेलवर मागावं. मुलाने निघण्याआधी ‘फेअर वर्क ओम्बड्समन’चं संकेतस्थळ उघडून आपल्या कामाचा दर स्वतः काढून बघावा; तिथं पगाराचा हिशेब करून देणारी सोय आहे, आणि हिंदीसह अनेक भाषांत माहितीही आहे. कामाचे तास रोज डायरीत लिहावेत, रोस्टरचा फोटो काढून ठेवावा. पगार बुडाला तर ही नोंद पुरावा म्हणून चालते.

आणि विद्यापीठांनी आपल्या समाधानाच्या फॉर्ममध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न वाढवावा. तुम्ही ज्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलं, तिथं तुम्हाला दर आठवड्याला पे-स्लिप मिळाली का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. विभागानुसार, वर्षानुसार ते ग्रंथालयाच्या आणि शिक्षकांच्या गुणांशेजारी छापावं. त्या रकान्यात नव्वदच्या वर ‘हो’ असलेलं विद्यापीठ मी माझ्या ओळखीतल्या कुठल्याही मुलीला बिनदिक्कत सुचवीन, मग जागतिक क्रमवारीत ते कितव्याही नंबरावर असो.